तिसऱ्या वर्षी नर्सरी की अंगणवाडी? (अंडं मधे आणू नका म्हटलं तरी आणणारच तुम्ही)

बेळगुंदीचा बाप:
काल पालकांच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी ज्ञान पाजळलं: "तीन वर्षं झाली की पोराला शहरातल्या इंग्लिश नर्सरीत घाला. अंगणवाडी म्हणजे उप्पीट केंद्र. आमचा मुलगा साडेतीनला शंभरपर्यंत आकडे लिहितो." खाली अंगठ्यांची रांग. तिथे भांडायला नको म्हणून इथे लिहितोय.

लिहितो तो, मान्य. पण लिहिताना त्याचा हात कधी बघितलाय काय? तीन वर्षांच्या पोराच्या मनगटातल्या आठ हाडांपैकी निम्मी तरी अजून कूर्चाच असतात. त्या हाताला माती, कणीक, शेंगा सोलणं, झाडाची फांदी पाहिजे. पेन्सिल नव्हे.

आमच्या गल्लीतून सकाळी सातला व्हॅन सुटते. पोरं एकमेकांच्या मांडीवर, दप्तरं खिडकीबाहेर, आणि निम्मी झोपलेली. रात्री मालिका संपल्याशिवाय घर झोपत नाही, पहाटे सहाला पोराला उठवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. आमच्या पोरांना सात मिळाली तर नशीब. नर्सरीतून आल्यावर ट्यूशन. होय, साडेतीन वर्षांच्या पोराला ट्यूशन! कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे घरच्या बाईला महिन्याला २००० रुपये येतात आणि तसेच व्हॅनवाल्याच्या खिशात जातात.

आणि पाणी. माझ्या पुतणीची बाटली भरून जायची, भरूनच यायची. शू आली तर इंग्लिशमध्ये विचारायचं, नाहीतर टीचर ऐकत नाहीत. मग पोरीने उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. आधी संडासला कडक, मग लघवीला जळजळ, मग ताप. डॉक्टरांनी औषधापेक्षा जास्त शिव्या आम्हाला दिल्या.

अंगणवाडी उप्पीट केंद्र असेलही. पण तिथे पोराचं वजन-उंची घेतात, पट्टी लावून दंडाचा घेर मोजतात. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर सरळ दवाखान्यात पाठवतात. जंताची गोळी, अ जीवनसत्त्वाचा डोस चुकला तर आशाताई दारात येऊन उभी राहते. तुमच्या नर्सरीत वजनकाटा आहे काय? प्रगतिपुस्तकात रंगकामाला स्टार असतो, पोर किती वाढलं त्याचा रकाना कुठाय?

टिळकवाडीची:
छान लिहिलंत दादा. आता आमच्या वॉर्डातल्या अंगणवाडीत या. शेजारी उघडं गटार, संडासाला कुलूप. पाणी न पिण्याचं दुःख तिथे नाही असं वाटतंय काय? ताई एकटी. एका हातात पोर, दुसऱ्या हातात मोबाईल, पोषण ट्रॅकर म्हणून सरकारी ॲप आहे, त्यावर माहिती भरालेत. कधी निवडणुकीची यादी, कधी जनगणना, कधी कुठला सर्व्हे. पोरं काय करालेत? बसालेत. खेळणी कपाटात, कपाटाची किल्ली ताईकडे, कारण हरवली तर हिशोब तिलाच द्यायचा.

मी नोकरी करते. सकाळी माझ्या मुलीला कुणीतरी नावाने हाक मारून आत घेतं, हात धुवायला लावतं, याचे मी पैसे मोजते. सगळ्या नर्सऱ्यांना एका माळेत ओवू नका.

बेळगुंदीचा बाप:
तुमची नर्सरी हात धुवायला लावते, ही बातमीच झाली. पत्ता द्या, मीही पुतणीला घालतो.

निपाणी नाका:
तुम्ही दोघं घरी चहा पिऊन भांडा. आमची आई तंबाखूच्या वखारीत जायची. मी शेजारच्या आजीच्या ओट्यावर वाढले. घरी आली की तिच्या पदराची धूळ नाकात जायची, आम्ही दिवसभर शिंकत असायचो. आज वखारीतल्या बाईला विचारा, नर्सरी की अंगणवाडी. ती म्हणेल, जे संध्याकाळपर्यंत उघडं असेल ते. ग्रामपंचायतीची 'कूसिन मने', म्हणजे पाळणाघरं, निघाली तेव्हा वाटलं सुटलो. पण ती मुख्यतः रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी. वखारीचं काम कोण धरतंय?

सीमावासी ५६:
मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. अंगणवाडीचा बोर्ड कन्नड, रजिस्टर कन्नड, वाढीचा तक्ता कन्नड. घटनेचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करायला सांगतं, इथे तीन वर्षांच्या पोराला...

टिळकवाडीची:
आलं! जंताच्या गोळीच्या धाग्यावरसुद्धा १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं तो दिवस.

सीमावासी ५६:
हसा. माझ्या बायकोला तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी नोंदकार्डावर, पुढचा डोस कधी ते वाचता येत नव्हतं. पोरगं दीड वर्षाचं झालं तेव्हा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस घ्यायचा होता, तो राहिला. बदलून आलेल्या नर्सबाईंनी विचारलं, "का आला नाही?" काय सांगू, कर्नाटक-महाराष्ट्र वाद?

टिळकवाडीची:
बरं, हा मुद्दा खरा आहे. एवढाच.

गुंजी स्टेशन:
अंगणवाडीचं कौतुक चाललंय तर मीही एक विचारतो. आमच्या घरी तीन पिढ्यांची पंढरीची वारी आहे. पोरगं अंगणवाडीतून आलं आणि म्हणालं, "आज्जा, अंडं खाल्लं." बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आम्हाला न विचारता कसं दिलं?

बेळगुंदीचा बाप:
म्हणून शीर्षकात लिहिलं होतं.

खडेबाजार:
माळ बाबांच्या गळ्यात आहे, पोराच्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात कर्नाटकातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६५ टक्क्यांहून जास्त रक्तक्षयी निघाली. आणि तुम्ही अंड्यावर सोवळं पाळालेत?

गुंजी स्टेशन:
तोंड सांभाळून. माळ काढायची भाषा आमच्या घरात कुणी केलेली नाही. आणि रक्तक्षय अंड्याने जातो असं कुठल्या कॉलेजात शिकलात? अंड्यातलं लोह अंगाला फारसं लागत नाही. आमच्याकडे नाचणीची आंबील आहे, शेंगा आहेत, उसळ आहे. खानापूरच्या डोंगरातली माणसं अंड्यावर जगली काय?

खडेबाजार:
लोहाचं बरोबर, मागे घेतो. प्रथिनांचं काय? एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. त्याऐवजी केळं दिलं तर एक-सव्वा ग्रॅम. नाचणीत कॅल्शियम भरपूर, मान्य, पण आज किती घरात आंबील होते? सकाळी पोराच्या पुढ्यात चहा आणि बटर टोस्ट असतो. वर जेवल्याजेवल्या पुन्हा चहा, म्हणजे भाकरी-उसळीतलं लोहसुद्धा अंगाला लागत नाही. तुमच्या घरी काय असतं सकाळी? खरं सांगा.

गुंजी स्टेशन:
चहा. पण दुधाचा.

खडेबाजार:
संपलं.

गुंजी स्टेशन:
काही संपलं नाही. मूग द्या, शेंगा-गूळ द्या, दूध तर २०१३ पासून देतच आहात, ते वाढवा. सक्ती नको एवढंच.

वडगावची काकू:
मी अंगणवाडीत आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. बाबांनो, सक्ती कोण करतंय? ज्यांच्या घरी चालत नाही त्यांची यादी करायची असते. नव्या ताईने विचारलं नसेल तर चूक तिची, जाऊन सांगा, ती लिहून घेईल. पण अंड्याचं खरं दुखणं वेगळं आहे. दर वाढला की सरकारी दरात अंडी बसत नाहीत, वरचे पैसे ताईच्या पदरचे. मी घातलेत. परत मागितले तर वरच्या बाई म्हणायच्या, लहान अंडी घ्या.

आणि आमच्याकडे एक पोरगी अंडं खायचीच नाही, फ्रॉकच्या खिशात घालायची. घरी धाकटा भाऊ होता, त्याच्यासाठी. तिला समोर बसवून अर्धं खायला लावायचे, अर्धं नेऊ द्यायचे. नियमात बसत नव्हतं. माळ, प्रथिनं, सगळं बरोबर आहे तुमचं, पण खिशातलं अंडं कुणाच्या हिशोबात धरता?

खडेबाजार:
काकू, यावर आमच्याकडे उत्तर नाही.

गुंजी स्टेशन:
आमच्याकडेही नाही. पण ताईला जाऊन सांगतो.

टिळकवाडीची:
अंड्यातून बाहेर आलात तर मूळ गोष्टीवर या. दादांना एक विचारते. पहिलीला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत म्हणतात, २०२५-२६ ला पाच वर्षं पाच महिन्यांपर्यंत सूट दिली. म्हणजे तीनपासून सहापर्यंत पोर कुठेतरी असणारच. कुठे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डीला १९४५ मध्ये झाडाखाली, अंगणात बालवाडी भरवली. पोरांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात होती त्यांची. आमच्या वॉर्डात अंगण कुठाय? पार्किंग आहे.

बेळगुंदीचा बाप:
अंगण नाही हे खरं. म्हणून पोराला व्हॅनमध्ये कोंबायचं हे खोटं. तुमच्या नर्सरीला एवढंच सांगा: तासाला एकदा सगळ्यांना पाणी, न विचारता संडास, दुपारी अर्धा तास आडवं. लिहिणं पाच वर्षांनंतर. ऐकतात काय बघा.

टिळकवाडीची:
पाणी आणि संडासाचं सांगते. झोपेचं सांगितलं तर फी वाढवतील. लिहिणं बंद करा म्हटलं तर बाकीचे पालकच मला मारतील, तुमच्या ग्रुपवरचे ते आकडेवाले गृहस्थ सगळ्यात आधी. आणि वॉर्डातल्या अंगणवाडीत मुलीचं वजन करून आणते शनिवारी. तक्त्यात हिरव्यात निघाली तर तुम्ही इथे येऊन लिहायचं की नर्सरीत घातलेली पोरंही वाढतात.

बेळगुंदीचा बाप:
लिहीन. पिवळ्यात निघाली तर तुम्ही लिहा.

निपाणी नाका:
वखारीचं कुणी बोललंच नाही. चालू द्या.

वडगावची काकू:
शनिवारी जाणार तर सकाळी जा, पोषण ट्रॅकरचं काम सुरू व्हायच्या आधी. बूट, स्वेटर, पैंजण काढून वजन करा. काटा आधी शून्यावर आहे का बघा, बऱ्याचदा नसतो. आणि पुढच्या महिन्यात परत जा, एका वजनावरून काही कळत नाही. निपाणीच्या बाई, संध्याकाळपर्यंत अंगणवाडी उघडी ठेवा म्हणून आम्ही संघटनेतर्फे तालुक्याला अर्ज दिला होता. त्यावर नुसता शिक्का मारून परत दिला.