गुडघ्याची सौम्य झीज: आधी मांडीचे स्नायू, मग हळद
ताई, झीज कळल्यावर तुम्ही चालणं सोडून हळदीच्या दुधावर भर दिलात, तो क्रम उलटा करा. गुडघ्याचा भार मांडीचे स्नायू पेलतात. ते ढिले पडले की दुखणं वाढतं. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती 5 सेकंद खाली दाबा, सोडा. असं 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो. वजन जास्त असेल तर 1 किलो उतरल्यावर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोंनी कमी होतो. म्हणून इंदुरी पोहे खुशाल खा, पण वरची मूठभर शेव आणि जिलबी रोज नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या.