निवृत्तीचं वय 60 करा म्हणणारे आणि 58 लाच थकलेले, दोघांचं एका बजेटात कसं बसवायचं?

हिंगणा रोडवाला

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी साडूकडे तर्रीपोहे खाताना जो वाद झाला, तो अजून डोक्यातून जाऊन नाही राहिला. म्हणून इथे विचारतो.

साडू राज्य शासनाच्या नोकरीत आहे, 1992 चा, म्हणजे जुन्या पेन्शनवाला. येत्या ऑक्टोबरात 58 पूर्ण. त्याचं म्हणणं असं: केंद्राच्या कर्मचाऱ्यांना 1998 पासून 60 आहे, आपल्याच राज्यात चतुर्थ श्रेणीला 60 आहे, मग आम्हालेच काहून 58? मोर्चात जातो, निवेदनं देतो, हिवाळी अधिवेशनात इथं नागपुरात यशवंत स्टेडियमला दिवसदिवस बसतो. त्याची तळमळ खोटी नाही. धाकटी मुलगी अजून शिकते, घराचे हप्ते राहिलेत.

मी हिंगणा एमआयडीसीत पॉवर प्रेसवर आहे, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर. सप्टेंबर 1996 ला लागलो, या सप्टेंबरात मलाही 58 होतात. डावा कान प्रेसच्या बाजूचा, त्यानं ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. घरी बायको त्या बाजूनं बोलली तर मला पूर्ण मान वळवावी लागते, नाहीतर तिला वाटतं मी लक्ष देत नाही. उजव्या हाताचं मधलं बोट वरच्या पेरापासून नाही, 2004 पासून. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली काम करताना दुपारी दोननंतर घामानं हातमोजे आतून ओले होतात आणि पत्रा हातातून निसटतो. तेव्हा मी प्रत्येक स्ट्रोकआधी मनात आकडा मोजतो, दोन्ही हात बाहेर आहेत का ते पाहतो आणि मगच बटण दाबतो. साडूला म्हटलं, भाऊ, मले 60 नको. मले तर 55 लाच सोडलं असतं तरी मी पेढे वाटले असते.

माझा मुलगा 27 वर्षांचा, एमपीएससी करून राहिला. सकाळी आठला डबा घेऊन अभ्यासिकेत जातो, रात्री दहाला येतो. तो बाजूलाच बसला होता. म्हणाला, "मावसाजी, तुम्ही दोन वर्षं थांबले तर आमची जाहिरात दोन वर्षं पुढं गेली समजा." साडू चिडला नाही, हळूच म्हणाला, "बेटा, माझ्या टेबलाच्या आजूबाजूला आताच तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. मी उठलो तर चौथी होईल. तिच्यावर तुले बसवतील असं वाटते काय? कंत्राटी पोरगा आणून बसवतील." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पोराकडेही नव्हतं. साळी तर्रीचं पातेलं घेऊन आली म्हणून विषय तेवढा थांबला.

मग फ्रान्स निघालं. मार्च 2023 मध्ये तिथल्या सरकारनं पेन्शनचं वय 62 वरून 64 केलं, तेही संसदेत मतदान न घेता, आणि पॅरिसच्या रस्त्यावर कचऱ्याचे ढीग लागले, कारण सफाई कामगार संपावर. बरोबर त्याच आठवड्यात, 14 ते 20 मार्च, आपल्याकडे "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर होते. साडू म्हणाला, पहा, पेन्शनसाठी जग रस्त्यावर येते. मी म्हटलं, पण ते लोक वय वाढवू नका म्हणून रस्त्यावर आले आणि तुम्ही वाढवा म्हणून येता. हे उलटं कसं?

रात्रभर विचार केल्यावर मला जे समजलं ते असं. तिकडे ते वय म्हणजे पेन्शन कधी सुरू होईल ते, आणि ते कारखान्यातल्या, दुकानातल्या, सगळ्यांना लागू. वाढलं की गवंड्यालाही दोन वर्षं जास्त विटा उचलाव्या लागतात. आपल्याकडे साडू ज्या वयाबद्दल बोलतो ते पगार कधी बंद होईल ते वय, आणि ते फक्त सरकारी माणसाचं. माझ्यासारख्याला पीएफची पेन्शन 58 ला सुरू होते, तिचंही वय 60 करावं अशी चर्चा अधूनमधून निघते. ती बातमी वाचली की पोटात गोळा येतो. कंपनी 58 ला घरी पाठवणार आणि पेन्शन 60 ला सुरू होणार असेल, तर मधली दोन वर्षं कोणाच्या दारात उभं राहायचं?

तर जाणकारांनी सांगावं. सरकारला वय वाढवणं बजेटच्या दृष्टीनं खरंच फायद्याचं असतं का? की आजचं बिल उद्यावर ढकलणं असतं? आणि माझी पीएफची पेन्शन मी सूत्रानं, म्हणजे पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70, अशी काढली आहे: 15,000 गुणिले 30 भागिले 70, म्हणजे 6,428. ती बरोबर आहे का?

कोषागारातला

भाऊ, 31 वर्षं ट्रेझरीत बिलं पास केली, म्हणून बोलतो.

माणूस निवृत्त झाला की सरकारच्या तिजोरीतून एकदम तीन रकमा जातात. ग्रॅच्युइटी, शिल्लक अर्जित रजेचा 300 दिवसांपर्यंतचा पगार आणि पेन्शनच्या 40 टक्क्यांपर्यंतचं अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा तेवढा भाग आधीच एकरकमी घेणं. त्यात दर महिन्याची पेन्शन वेगळी. वय दोन वर्षांनी वाढवलं की त्या दोन वर्षांत नेहमीच्या निवृत्त्या जवळजवळ बंद होतात आणि या तिन्ही रकमा पुढच्या सरकारच्या बजेटात जातात. जेव्हा तिजोरी कोरडी असते तेव्हा वित्त विभागाला हा उपाय गोड वाटतो. आंध्रनं 2014 ला 58 चे 60 केले, 2022 ला 62 केले.

पण तुमचा "बिल पुढं ढकलणं" हा शब्द बरोबर आहे, कारण ते बिल माफ होत नाही. उलट दोन वेतनवाढी आणि महागाई भत्ता लागून रक्कम वाढते. आणि शेवटच्या टप्प्यातल्या माणसाचा पगार नव्या मुलाच्या पगाराच्या दुपटीहून जास्त असतो. खरी बचत सरकार कुठं करतं ते तुमच्या साडूनं सांगितलंच: रिकाम्या खुर्चीत. त्या खुर्चीला पगार नाही, पेन्शन नाही, मोर्चा नाही. माझ्या शेवटच्या पाच वर्षांत आम्ही चौघांचं काम दोघं करत होतो, आणि खिडकीवरचे म्हातारे पेन्शनर आम्हालाच शिव्या देत. त्यांचं काही चुकत नव्हतं.

केरळची गोष्ट मुलाला सांगा. 2022 मध्ये तिथल्या सरकारनं सार्वजनिक उपक्रमांत निवृत्तीचं वय 60 करायचा आदेश काढला. तरुणांच्या संघटना, त्यात सत्ताधाऱ्यांच्याही, अशा उठल्या की काही दिवसांत आदेश थांबवावा लागला. आपल्याकडे पोरं अभ्यासिकेत बसून राहतात, हे मी रागानं नाही, काळजीनं म्हणतो.

एक राजकीय गोष्टही बोलतो. डिसेंबर 2022 मध्ये इथंच, आपल्या विधानभवनात, तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस म्हणाले की जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. 2024 च्या ऑगस्टमध्ये, निवडणूक तोंडावर असताना, राज्यानं केंद्राची युनिफाइड पेन्शन योजना स्वीकारली: 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. परवडतं की नाही हे बजेट ठरवतं असं आपण समजतो, पण मी पाहिलं आहे, आधी निर्णय होतो आणि मग आकडे गोळा होतात.

मिहानमधली नोकरी

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण वय वाढणं टळणार नाही. डेन्मार्कनं 2040 पर्यंत 70 करायचा कायदा केला, चीननं 2025 पासून टप्प्याटप्प्यानं पुरुषांचं 60 वरून 63 करायला घेतलं. लोक जास्त जगतात, पैसा कुठून येणार? मी 31 चा आहे, मला पेन्शन मिळेल असं मी धरूनच चालत नाही. स्वतःची एसआयपी करतो.

नंदनवनची गृहिणी

मिहानवाल्या दादा, तुमची एसआयपी चालू राहो. पण माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं सांगते. आयुष्यात त्यांना कोणी निवृत्त करणार नाही. त्यांनी राज्याच्या श्रावणबाळ योजनेचा, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचा, अर्ज केला तेव्हा वय 65 पूर्ण नाही म्हणून परत आला. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी, अंदाजे टाकलेली. खरं वय त्यांनाही माहीत नाही, पण थोरल्या मुलाला नातवंडं आहेत. 65 झाले की महिना 1,500 मिळणार. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन 60 ते 79 वयाला महिना 200 रुपये आहे, 2007 पासून तेवढीच. 200 रुपयांत आज तेलाचा दीड लिटरही येत नाही.

10 मार्च 2025 ला राज्याचं बजेट मांडलं तेव्हा मी टीव्हीसमोर वही घेऊन बसले होते. एकूण 7 लाख 20 कोटींचं, महसुली तूट 45,891 कोटी, लाडक्या बहिणीला 36,000 कोटी. मावशींच्या सुनेला ते 1,500 मिळतात आणि त्या घरात त्याची फार मदत होते, म्हणून मी त्याच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण लाडकी बहीण 21 ते 65 वयाची, म्हणून मावशींनी तिथंही अर्ज केला होता, आणि त्या जन्मतारखेच्या गोंधळात तोही अडकला. मोर्चे निघतात ते पगारवाल्यांचे. मावशींनी एक दिवस मोर्चात घालवला तर पाच घरचे पैसे कापले जातील.

पीएफचं काम करतो

हिंगणा रोडवाले भाऊ, तुमचा 6,428 चा आकडा चुकीचा आहे. वाईट वाटेल, पण आताच कळलेलं बरं.

पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 ला 6,500 वरून 15,000 झाली. सेवेचे दोन तुकडे पडतात. सप्टेंबर 1996 ते ऑगस्ट 2014 ही 18 वर्षं 6,500 नं: 6,500 गुणिले 18 भागिले 70, म्हणजे 1,671. पुढची 12 वर्षं 15,000 नं: 2,571. बेरीज 4,242. वीस वर्षांहून जास्त सेवा करून 58 ला निवृत्त होताय म्हणून 2 वर्षं जादा धरतात, ती मिळवून साधारण 4,525 च्या आसपास बसेल. यावर महागाई भत्ता नाही. जो आकडा पहिल्या महिन्यात, तोच पुढंही.

58 ला पेन्शन न घेता 60 पर्यंत थांबलात तर दर वर्षी 4 टक्के वाढ मिळते, म्हणजे 4,900 च्या जवळ. पण त्यासाठी दोन वर्षांची एक लाखाच्या वर पेन्शन सोडावी लागते. दरमहा 370 रुपये जास्त मिळवून ती भरून निघायला 24 वर्षं लागतील. माझा सल्ला, थांबू नका. पेन्शनच्या अर्जाचा 10-डी फॉर्म भरण्याआधी आधार, पीएफ आणि बँक तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख अक्षरान् अक्षर जुळते का ते पाहून घ्या. अर्ज तिथंच अडकतात.

हिंगणा रोडवाला

सगळ्यांचे आभार. काल दुसरी पाळी होती, म्हणून उत्तराला उशीर झाला.

पीएफवाल्या भावाचा हिशेब बायकोला दाखवला. कमावून मी तीस वर्षं आणतो, पण घर ती चालवते. तिनं कागद उलटा केला आणि मागं लिहायला घेतलं. गॅस. वीज, मे महिन्यात दोन कूलरची. तिच्या बीपीच्या आणि माझ्या शुगरच्या गोळ्या. दूध. पोराच्या अभ्यासिकेची फी. किराण्याच्या आधीच 4,525 ओलांडले. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "आणि तुम्ही गेल्यावर?" विधवेला निम्मी मिळते हे मला माहीत होतं, तिला सांगायची हिंमत झाली नाही. तिनं स्वतःच भागून 2,262 लिहिलं.

मिहानवाल्या पोरा, लोक जास्त जगतात हे खरं. पण कोण जास्त जगतो तेही बघ. माझ्यासोबत 1996 ला प्रेसवर सात जण लागलो होतो. आज त्यातले चार आहोत. वय वाढवायचंच असेल तर खुर्चीवरच्या माणसाचं आणि भट्टीवरच्या माणसाचं एकच वय धरू नका, एवढं माझं म्हणणं. ज्याला थांबायचं त्यानं थांबावं, पण ज्याचं शरीर संपलं त्याला 58 ला पोट भरेल एवढं मिळू द्या. सप्टेंबर 2014 पासून पीएफची किमान पेन्शन 1,000 रुपयेच आहे, ती 7,500 करा आणि महागाई भत्ता द्या, ही मागणी म्हातारे लोक कितीतरी वर्षं करून राहिले. मी आजवर त्यांच्या मंडपासमोरून सायकलनं, मग मोटरसायकलनं जात राहिलो, थांबलो एकदाही नाही. ते माझं चुकलं.

कोषागारातले दादा, तुमचं उत्तर साडूला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आमच्या निवेदनात रिकाम्या जागा भरण्याची मागणी सातव्या नंबरवर आहे, ती वर घ्यायला लावतो. घेतली तर पोरगाही येतो म्हणतो त्याच्या मोर्चात. केरळचं त्यालाही वाचून दाखवलं.

नंदनवनच्या ताई, मावशींची जन्मतारीख दुरुस्त करायला काय कागद लागतात ते इथं कोणी सांगत असेल तर सांगा, माझ्या ओळखीत एक जण सेतू केंद्रात बसतो, मी त्यालाही विचारतो. आणि पेन्शनवाले यशवंत स्टेडियमला पुन्हा बसणार असतील तर तारीख कळवा. दुसरी पाळी असली तर मला दोन वाजता निघावं लागेल. मेट्रोनं लोकमान्य नगरला उतरलो की गेटवर वेळेत पोहोचतो.