लेडीज डब्यात ट्रान्सजेंडर मैत्रीण : नियम नक्की काय आहे?

कल्याणवाली
सकाळच्या फास्ट लोकलने मी कल्याणहून दादरला जाते. पावसाळ्यापासून ऑफिसातली एक ट्रान्सजेंडर मुलगी सोबत असते. अकाउंट्सला आहे. दाराच्या आतल्या बाजूला उभी राहून कानात हेडफोन घालून मालिकेचा राहिलेला भाग बघते, डोंबिवलीची गर्दी शिरली की माझी पिशवी धरते. परवा ठाण्याला चढलेल्या दोघींनी तिला "जेन्ट्समध्ये जा, इथे कशाला शिरलीस" म्हणून सगळ्यांसमोर सुनावलं. ती घाटकोपरला उतरून गेली. त्या दिवशी ऑफिसात जेवलीसुद्धा नाही.
मला राग आलाय, पण त्या दोघींची भीती खोटी आहे असंही म्हणवत नाही. रात्रीच्या गाडीत आमच्याच डब्यात दारुडा शिरलेला मी पाहिलाय. नियम माहीत असेल तर पुढच्या वेळी मला बोलता तरी येईल. कुणाला माहीत आहे का?

कोर्टकचेरी
रेल्वे कायदा, 1989, कलम 162. बायकांसाठी राखीव डब्यात पुरुष शिरला तर 500 रुपयांपर्यंत दंड आणि त्याला उतरवताही येतं. कलम आहे ते पुरुषासाठी. तुमची मैत्रीण पुरुष नाही, असं मी ठामपणे म्हणेन, कारण 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने आपली लिंगओळख ज्याने त्याने ठरवायची हे मान्य केलं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदाही आहे. सार्वजनिक जागी जाण्यापासून अडवलं तर कलम 18 खाली सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. मात्र लेडीज डब्याबद्दल त्यात थेट ओळ नाही, आणि भांडण नेमकं तिथेच होतं.

विरारची नर्स
रात्रपाळी करते म्हणून लिहिते. मला कुणाचा द्वेष नाही. पण शेवटच्या गाड्यांत डबा रिकामा होतो तेव्हा दारात कोण उभं आहे हे पाहूनच जीव धडधडतो. उद्या एखादा पुरुष "मी बाई आहे" म्हणत चढला तर मी काय करू? पैशांसाठी अंगाला हात लावणाऱ्यांचाही त्रास झालाय. ही भीती मनात धरली म्हणून मला वाईट ठरवू नका.

कल्याणवाली
मुळीच नाही ठरवणार. पण हात लावला, वाट अडवली, धमकावलं, तर ती तक्रार कुणाविरुद्धही करता येते ना? माझी मैत्रीण मालिका बघत उभी होती, हो. तिने काय केलं म्हणून तिला उतरावं लागलं?

ठाणे-दादर
मी ट्रान्स बाई आहे. जेन्ट्स डब्यात काय होतं ते सांगते. गर्दीत मागून हात येतात, वळून बघितलं की सगळे हसतात, आणि ओरडलं तर "तुझं काय जातंय" असं उत्तर मिळतं. दिव्यांगांच्या डब्यात गेले तर कार्ड मागतात. ते माझ्याकडे नाही आणि ती जागा माझी नाहीच. रात्री लेडीज डब्यात पोलीस कुठे बसलाय ते आधी बघते आणि त्याच्याजवळ उभी राहते. नर्सताई, तुम्ही ज्या माणसाला घाबरता त्यालाच मीही घाबरते. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेलं ओळखपत्र मी पर्समध्ये वरच ठेवते. टीसीने, पोलिसाने मागितलं तर दाखवते. शेजारच्या बाकावरच्या प्रत्येकीला दाखवत बसायचं का?

विरारची नर्स
नाही, ते योग्य नाही. तुमच्याबरोबर जेन्ट्समध्ये असं होतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. माझी मागणी वेगळीच आहे : रात्रीच्या प्रत्येक लेडीज डब्यात शिपाई हवाच, आणि तो झोपलेला नको. नसेल तेव्हा रेल्वेच्या 139 हेल्पलाइनला तक्रार करा, गाडीची वेळ आणि डबा सांगा. मी करते. तुम्हीही करा, ताई. दोघींच्या नावाने गेली तर जास्त बरं.