डायोड थेट प्लसला नको, मधे झेनर घाला

वर कुणीतरी लिहिलंय की यूएलएन२००३ या मोटर चालवायच्या चिपची ९ नंबरची पिन (आतल्या डायोडचे कॅथोड एकत्र येतात ती) सरळ स्टेपर मोटरच्या, म्हणजे एकेक स्टेपनं फिरणाऱ्या मोटरच्या, प्लसला जोडा म्हणजे झालं. होय की, चिप वाचते त्यानं, पण स्पीड वाढवला की मोटर नुसती घुरघुरते, त्याचं काय? बेळगावात उद्यमबागच्या भंगारातून जुन्या प्रिंटरची १२ व्होल्टची ६ वायरवाली मोटर आणलेली, हळू मस्त फिरायची, जरा पळवली की स्टेप चुकायची आणि मी दोन दिवस कोडमधेच डोकं घालून बसलो.

खरं कारण म्हणजे एकाच कोअरवर दोन अर्ध्या वाइंडिंग, म्हणजे एक ट्रान्सफॉर्मरच की तो. एक अर्धी बंद करून दुसरी चालू केली की बंद झालेलीच्या टोकाला साधारण दुप्पट, २४ व्होल्ट यायला बघतात, आणि डायोड ते १२.७ लाच दाबतो, मग करंट लवकर उतरत नाही आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, जातो. ९ नंबर पिन आणि प्लसच्या मधे १२ व्होल्ट ५ वॅटचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वरच उलटा करंट सोडणारा डायोड) घातला, कॅथोड पिनकडे, म्हणजे ते टोक साधारण २४ पर्यंत चढू शकतं, चिपची लिमिट ५० व्होल्ट आहे त्यामुळं भ्यायचं कारण नाही. त्याच कोडवर मोटर पळाली. चिपऐवजी सुटे टिप१२२ ट्रान्झिस्टर वापरत असाल तरी हेच, चारी डायोडचे कॅथोड एकत्र करून मग झेनर.