शुद्ध शाकाहारी घरातील मुलाच्या मेंदूत टेपवर्मची गाठ कशी होते?

प्रश्न : घणसोलीची आई

माझा मुलगा १५ वर्षांचा असून दहावीत शिकतो. काही दिवसांपूर्वी अभ्यास करत असताना त्याचा उजवा हात आणि ओठांची उजवी कड आपोआप उडू लागली, त्यानंतर सर्वांगाला झटके येऊन तो थोडा वेळ बेशुद्ध पडला. यापूर्वी त्याला कधीही फिट आलेली नव्हती. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात सुमारे १ सेंटिमीटर आकाराची एकच कडी (कड्यासारखी दिसणारी गाठ) आणि तिच्याभोवती सूज दिसली. डॉक्टरांनी न्यूरोसिस्टिसरकोसिस, म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या टेपवर्मच्या अळीची गाठ, अशी शक्यता सांगून फिटचे औषध सुरू केले आहे.

आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. त्यामुळे निदान ऐकल्यापासून घरातील मोठी माणसे मुलाला ‘तू बाहेर काय खाल्लेस’ असे वारंवार विचारत आहेत आणि तो अतिशय दुखावला गेला आहे. शेजारच्या काकू म्हणतात की हा कोबीतला किडा आहे, म्हणून सासूबाईंनी कोबी आणणेच बंद केले आहे. मांस न खाता हा आजार होऊ शकतो का? त्याच्या धाकट्या बहिणीला त्याच्यापासून लागण होईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : ऐरोलीकर (सूक्ष्मजीवशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक)

ताई, मुलावरचा संशय आजच दूर करावा, ही पहिली विनंती. त्याला वैद्यकीय आधार नाही.

या टेपवर्मचे, म्हणजे टीनिया सोलियमचे, आयुष्य माणूस आणि डुक्कर यांच्यात वाटलेले असते. माणसाने अळ्या असलेले डुकराचे मांस अर्धकच्चे खाल्ले, तर त्या अळीपासून त्याच्या आतड्यात काही मीटर लांबीचा पूर्ण वाढलेला कृमी तयार होतो. हे १८५५ मध्ये जर्मन वैद्य क्यूखेनमायस्टर यांनी मृत्युदंड झालेल्या कैद्याला अशा अळ्या खाऊ घालून, मृत्यूनंतर त्याचे आतडे तपासून सिद्ध केले होते. आज कोणीही मान्य करणार नाही असाच तो प्रयोग होता. मात्र मांसातून होतो तो आतड्यातला कृमी. मेंदूतली गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी मांसात नसतात, तर ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेत असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. शौचानंतर हात नीट न धुता कोणी अन्न हाताळले, किंवा मैलामिश्रित पाणी भाजीला दिले गेले, की ती कोणाच्याही ताटात पोहोचतात. पोटात अंडे फुटले की सूक्ष्म भ्रूण आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो आणि मेंदू, स्नायू किंवा डोळा येथे जाऊन अळीच्या रूपात स्थिरावतो.

शाकाहाराने आतड्यातला कृमी टळतो, मेंदूतली गाठ टळत नाही. न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू वस्तीत, जेथे डुकराचे मांस धर्माने निषिद्ध आहे, तेथेही हा आजार आढळल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा घरांत बाहेरच्या देशांतून आलेल्या स्वयंपाकी वा मदतनीस व्यक्तींपैकी काहींच्या आतड्यात कृमी असल्याचे तपासात दिसले होते.

कोबीत दिसणारी हिरवी अळी हा पतंगाचा सुरवंट असतो आणि त्याचा मेंदूच्या या आजाराशी काहीही संबंध नाही. कोबीच्या, पालकाच्या किंवा कोथिंबिरीच्या पानांना चिकटलेली न दिसणारी अंडी हा खरा प्रश्न आहे. म्हणून कोबी बंद करण्याने फारसे साधत नाही. पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे आणि भाजी शिजवून खाणे यांनी साधते. मिठाच्या पाण्यात नुसती बुडवून ठेवल्याने अंडी मरतील असे मानू नये. ठाण्याच्या परिसरात रेल्वे रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी पिकवली जात आली आहे, त्याबद्दल काळजी वाटणे रास्तच आहे. परंतु तुमच्या मुलाच्या पोटात अंडे तिथूनच गेले, असे कोणीही सांगू शकणार नाही. अळी मेंदूत अनेक वर्षे निमूट जगते. भारतात राहून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या अभ्यासात लागणीनंतर कित्येक वर्षांनी फिट सुरू झाल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे मुलाने अलीकडे काय खाल्ले, ही चौकशी निरर्थक आहे.

उत्तर २ : कळव्यातील एक पालक

वरील माहिती मोलाची आहे, परंतु एक गोष्ट जोडणे मला आवश्यक वाटते. आपल्या देशात एमआरआयमधील अशी कडी क्षयाच्या गाठीचीही असू शकते. माझ्या मुलीला फिट येण्याआधी अनेक दिवस डोकेदुखी, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणे असा त्रास होता. तिची गाठ क्षयाची निघाली आणि क्षयाची औषधे वर्षभर चालली. ती आता बरी आहे. आपल्या मुलाला यांपैकी काही होत असल्यास, किंवा घरात कोणाला पूर्वी क्षय झाला असल्यास, ते न विचारताही डॉक्टरांना सांगावे.

उत्तर ३ : मेंदूविकार डॉक्टर, ठाणे

वरील सूचना योग्य आहे. फरक ओळखण्यासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. राजशेखर आणि डॉ. चांडी यांनी मांडलेले निकष आजही आम्हाला उपयोगी पडतात. गाठ एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदूचा मध्य न सरकवणारी, आणि रुग्णात वाढत जाणारी कमजोरी किंवा इतर अवयवांतील क्षयाची खूण नाही, असे असेल तर कौल सिस्टिसरकोसिसकडे जातो. कडीच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला तर निदान जवळजवळ निश्चित होते. क्षयाची गाठ बहुधा मोठी आणि ओबडधोबड असते, आणि एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतील रासायनिक घटक दाखवणाऱ्या तपासणीत) तिच्यात स्निग्धांश दिसतो. तरीही काही रुग्णांत शंका उरते. अशा वेळी काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून गाठ लहान होते का ते पाहणे, हाच प्रामाणिक मार्ग असतो.

फिट का आली, हेही समजून घ्यावे. जिवंत अळी शरीराच्या प्रतिकारशक्तीला दडपून ठेवते. ती मरू लागली की आवरण फुटते, प्रतिकारशक्ती जागी होते आणि भोवती सूज येते. तुमच्या मुलाच्या स्कॅनमधील कडी व सूज ही याच टप्प्याची चिन्हे आहेत. जंताची गोळी म्हणून परिचित असलेले अल्बेंडाझोल येथे वेगळ्या मात्रेत, वजनाच्या दर किलोला रोज १५ मिलिग्रॅम असे, आणि सूज आवरण्यासाठी स्टेरॉइडच्या जोडीनेच दिले जाते. त्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी, कारण डोळ्यात अळी असल्यास औषधाने दृष्टीला धोका होतो. औषधाच्या दुकानातून ही गोळी परस्पर आणून देऊ नये. गाठी अनेक असून मेंदूला मोठी सूज असेल, तर ही गोळी प्राणघातक ठरू शकते.

फिटचे औषध एकही दिवस चुकवू नये. गाठ पूर्ण विरघळल्यास ते पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवता येते. तिचा खडा (कॅल्शियम साचून घट्ट झालेला अवशेष) राहिल्यास फिट पुन्हा येण्याची शक्यता अधिक असते आणि औषध जास्त काळ लागते. पुन्हा फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, आणि कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. फिट ५ मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालयात न्यावे. वर्गशिक्षकांनाही हे सांगून ठेवावे.

घणसोलीची आई

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. पहिले उत्तर मी घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले, त्यानंतर मुलाने स्वतःहून डॉक्टरांचे उत्तर वाचायला मागितले. बहिणीविषयीची शंका मात्र अजून आहे.

ऐरोलीकर

मेंदूतली गाठ एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. दोन्ही भावंडे एकाच पेल्यातून पाणी प्यायली, एकाच ताटात जेवली तरी हरकत नाही. धोका असतो तो आतड्यात कृमी असलेल्या व्यक्तीपासून, म्हणून घरातील सर्वांची आणि घरी स्वयंपाक करणारे कोणी असल्यास त्यांचीही शौचाची तपासणी करून घ्यावी. अंडी रोज बाहेर पडतातच असे नाही, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी घेतलेले नमुने द्यावेत. कोणात कृमी आढळला तर त्यावर औषधाचा सोपा उपचार आहे. स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना तपासणीचे सांगताना मात्र तुमच्या मुलाला जसा संशय सोसावा लागला, तसा त्यांना सोसावा लागू नये. तपासणी सगळ्या घराची एकत्रच करावी आणि खर्चही घरानेच करावा.