आईला सोबत नेण्याबद्दल

शहरात बँक-बाजाराला एकट्याने गेलं की कामं निम्म्या वेळात उरकतात, असं म्हणतात ते खरंच. पण आमची आई ऐकेल तर ना! पंच्याहत्तरी उलटल्यापासून एसटी फुकट, त्यामुळे पावसहून रत्नागिरीला जायचं म्हटलं की ती माझ्याआधी पिशव्या घेऊन तयार.

केंद्राची पेन्शन असेल आणि वय ८० च्या पुढे, तर हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरच्या गर्दीत जाऊ नका, १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर हट्टही नको. जन्मभर नारळ खवून आणि भांडी घासून आईचे अंगठे पार गुळगुळीत झालेत, यंत्र घेतच नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं, फक्त डोळ्यांची उघडझाप करायची. आई आधी पदर सारखा करत बसली. "फोटो काढतायत ना, मग?"

बँक-पोस्ट आधी, बाजार नंतर. बाजारात तिला घाई करण्यात अर्थ नाही. धनजी नाक्याजवळ आमसूल तोंडात टाकून तिने दुकानदाराला सुनावलं, "वजन वाढायला मीठ लावलंस काय रे?" मी एकटा असतो तर तीच आमसुलं मुकाट घेतली असती.

खरी अडचण वेगळीच. वाटेत कुठे जायला लागलं तर काय, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही, मग दुपारी गरगरतं. तुमच्याकडे बाजारात बायकांसाठी धड स्वच्छतागृह आहे का?