टेक्सासची मतपत्रिका आणि बी विंगचा टँकर

*देशपांडे बी-७०४:* टेक्सासची मतपत्रिका कुणाला आली का? ३ मार्च २०२६ ला प्रायमरी, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवायचं मतदान. आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांना पत्रिका कायद्याने ४५ दिवस आधी, म्हणजे १७ जानेवारीपर्यंत निघायला हवी. आज २६. इनबॉक्स रिकामा, स्पॅमही रिकामा. २०२४ ला अर्ज केलाय, पुन्हा पुन्हा काय करायचा?

*साठे ए-२०१:* सकाळी झेंडावंदनाला अकरा टाळकी होती. ग्रुपवर मात्र टेक्सास. चालू द्या.

*गोखले सी-११०१:* देशपांडे, २०२४ चा अर्ज २०२४ बरोबर संपला. मतपत्रिका मागायचा पोस्टकार्ड अर्ज (एफपीसीए) दर कॅलेंडर वर्षी नव्याने. ४५ दिवसांचा नियम अर्ज काउंटीच्या (तिथला जिल्हा) हातात असेल तरच. आजच भरा, प्रिंट काढून पेनाने सही, स्कॅन करून काउंटीला ईमेल. टेक्सासला चालतं.

*गोखले सी-११०१:* आणि पक्षाचा रकाना कोरा सोडू नका. टेक्सासच्या मतदार नोंदणीत पक्ष नसतोच, मग कुठली पत्रिका धाडायची हे त्यांना कसं कळणार?

*पाटील डी-५०३:* तारखेत महिना आधी.

*देशपांडे बी-७०४:* पक्ष इथे जाहीर करायची सक्ती नाही ना 😄

*साठे ए-२०१:* गरज नाही. गाडीच्या मागच्या काचेवर आहेच. तीच गाडी, जी माझ्या पार्किंगमध्ये अर्धा फूट येते.

*सचिव:* 🙏 पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये. उद्याचा टँकर सकाळी ७ वाजता, बी विंगने त्याआधीच, ६ च्या आत, पाणी भरून घ्यावे.

*कुलकर्णी ताई ए-९०२:* आमचं कॅलिफोर्निया, २ जून. तिथे ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ नावाचा खराखुरा पक्ष आहे. अपक्ष समजून लोक त्यावर टिक करतात आणि अडकतात. अपक्षांनी ‘नो पार्टी प्रेफरन्स’ निवडायचं. यंदा काँग्रेससाठी (तिथली संसद) सगळे उमेदवार एकाच पत्रिकेवर, पहिले दोन नोव्हेंबरात, त्यामुळे चालून जाईल. अध्यक्षपदाच्या वेळी नाही. २०२४ ला रिपब्लिकन पत्रिका फक्त त्या पक्षात नोंदलेल्यांनाच मिळाली.

*जोगळेकर बी-१०२:* एवढा खटाटोप कशाला? डेमोक्रॅट्स अब्रॉडची (डेमोक्रॅटिक पक्षाची परदेशस्थांची शाखा) जागतिक प्रायमरी असते. सगळे तिथूनच करा.

*गोखले सी-११०१:* ती फक्त अध्यक्षीय वर्षात, २००८ पासून. पक्ष परदेशस्थांना एक राज्य धरतो. २०२४ ला पक्षाच्या अधिवेशनात त्यांचे १३ प्लेज्ड (मतदानाच्या निकालाशी बांधलेले) प्रतिनिधी होते. यंदा नाही. आणि तिथे मत दिलं की राज्याच्या प्रायमरीत अध्यक्षाचा रकाना कोरा ठेवायचा, बाकीच्या पदांना देता येतं.

*जोगळेकर बी-१०२:* आणि रिपब्लिकनांना?

*गोखले सी-११०१:* आपापल्या राज्यातूनच. त्यांच्या पक्षाने अशी सोय ठेवलेली नाही.

*साठे ए-२०१:* आपल्याकडचं बरं. प्रायमरी नाही, अर्ज नाही. तिकीट थेट दिल्लीहून.

*पाटील डी-५०३:* तारीख. महिना आधी. विशेषतः जन्मतारीख. ०५/०८ लिहिलं की तुमचा ५ ऑगस्ट तिकडे ८ मे होतो आणि रेकॉर्ड जुळत नाही.

*देशपांडे बी-७०४:* पत्ता कुठला देऊ? डॅलसचं घर २०१९ ला विकलं.

*कुलकर्णी ताई ए-९०२:* तोच. परदेशी जाण्याआधीचा शेवटचा. विकलं, पाडलं, काही असो. बाणेरचा पत्ता फक्त पत्रव्यवहाराच्या रकान्यात.

*गोखले सी-११०१:* अर्जाच्या पहिल्याच रकान्यात ‘परतणार’ की ‘परतणे अनिश्चित’ असं विचारतात. अनिश्चित म्हटलं तर टेक्सास फक्त फेडरल, म्हणजे केंद्रातल्या पदांची, पत्रिका देतं. सिनेटर दिसेल, गव्हर्नर नाही. खरं असेल तेच लिहा, खाली शपथेवर सही असते.

*जोगळेकर बी-१०२:* मत दिलं की कर मागे लागतो म्हणे.

*गोखले सी-११०१:* नुसत्या फेडरल मताने नाही. राज्याच्या पदांना मत दिलं तर काही राज्यं रहिवासाचा मुद्दा काढू शकतात. टेक्सासला राज्याचा आयकरच नाही, देशपांडे निवांत.

*देशपांडे बी-७०४:* भरलेली पत्रिकाही ईमेलनेच ना?

*गोखले सी-११०१:* नाही! इथेच घोळ होतो. टेक्सासला कागदच पोचवावा लागतो. कॅलिफोर्निया फॅक्स घेतं, ईमेल नाही. खाजगी कुरियर करणार असाल तर आधी पत्ता बघा. पी.ओ. बॉक्सवर ते डिलिव्हरी देत नाहीत, काउंटीचा रस्त्याचा पत्ता शोधा. बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीतूनही जातं, पण पाकिटावर अमेरिकन टपालखर्च भरलेला हवा (एफव्हीएपी, म्हणजे परदेशस्थ मतदारांसाठीच्या अमेरिकन सरकारी खात्याच्या साइटवर प्रीपेड पाकिटाचा नमुना आहे) आणि हाताशी आठवडे हवेत.

*कुलकर्णी ताई ए-९०२:* साध्या टपालाच्या भरवशावर शेवटपर्यंत थांबू नका. गेल्या ऑगस्टअखेर अमेरिकेचं बुकिंगच बंद झालं होतं, १५ ऑक्टोबरला सुरू झालं. पत्रिका वेळेत आलीच नाही तर एफडब्ल्यूएबी, म्हणजे अडीअडचणीची कोरी पत्रिका, उमेदवाराचं नाव हाताने लिहायचं. मागून खरी आली तर तीही पाठवा, मोजतात एकच.

*साठे ए-२०१:* सात समुद्रापार मत पोचवायला एवढी धडपड. सोसायटीच्या एजीएमला चार मजले उतरवत नाहीत.

*देशपांडे बी-७०४:* साठे, मागच्या एजीएमला तुम्ही स्वतः महाबळेश्वरला होतात.

*सचिव:* 🙏🙏 टँकर ७ वाजता.

*पाटील डी-५०३:* तारखेत महिना आधी.

*देशपांडे बी-७०४:* पाठवला बुवा अर्ज. पक्ष, सही, पत्ता सगळं तपासून. गोखले, ताई, आभारी आहे.

*पाटील डी-५०३:* जन्मतारीख?

*देशपांडे बी-७०४:* ...

*देशपांडे बी-७०४:* पुन्हा पाठवतो.